पहिली दहा मिनिटं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघात जे राहून गेलं ते लिहिताना घातलं आहे. बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)



सचिवांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. विषय म्हणाले तुम्हीच निवडा, फक्त फार रडवू नका, कारण नंतर ऑर्केस्ट्रा आहे. मी प्रयत्न करतो.

तुम्ही सगळे मला ‘फायरवाले काका’ म्हणून ओळखता. लहान मुलांना वाटतं मी लाल गाडीवर होतो. ते खरं नाही. मी पाताळगंगेकडच्या एका कंपनीत फायर विभागात एकतीस वर्षं नोकरी केली. कंपनीची स्वतःची फायर टेंडर होती, पण आम्ही कायमचे फायरमन एका शिफ्टला जेमतेम चार-पाच. एवढ्या मोठ्या प्लांटला एवढी माणसं कशी पुरतील? पुरत नाहीतच. म्हणून प्रत्येक शिफ्टला एक ‘ऑक्झिलरी स्क्वॉड’ असायची. त्यात फिटर, ऑपरेटर, स्टोअरमधला क्लार्क, कँटीनचा माणूससुद्धा. सायरन वाजला की हातातलं काम सोडून ठरलेल्या जागी यायचं, ठरलेलं काम करायचं. एकाने हायड्रंट उघडायचा, दोघांनी होज धरायचा, एकाने माणसं मोजायची. आग त्यांचा पेशा नव्हता. महिन्याला एक ड्रिल आणि अंगात थोडी हिंमत, एवढीच त्यांची तयारी. एकतीस वर्षांत मी जेवढ्या आगी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक आमच्या गाडीने नाही, या माणसांनी पहिल्या पाच मिनिटांत विझवल्या. आमची गाडी पोचेपर्यंत नुसता धूर उरलेला असायचा.

आजचं माझं बोलणं अशाच माणसांबद्दल आहे. पगार न घेता आगीला सामोरं जाणाऱ्या.

जगात ही पद्धत फार जुनी आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ मध्ये शेजाऱ्यांना जमवून ‘युनियन फायर कंपनी’ काढली. तीसेक सभासद. प्रत्येकाने घरी चामड्याच्या बादल्या आणि सामान भरायच्या पिशव्या तयार ठेवायच्या, कुठे आग लागली की त्या घेऊन धावायचं. महिन्याला सभा. आणि कमिटीने जरा कान देऊन ऐका, सभेला गैरहजर राहिलं की दंड! तो दंड साठवून शिड्या आणि इतर सामान घ्यायचे. आपल्या वार्षिक सभेला कोरम होत नाही म्हणून अर्धा तास थांबावं लागतं. त्यांना ही युक्ती जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी सापडली होती.

दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. तिथे आजही अग्निशमन दलातले जवान सगळे स्वयंसेवक आहेत. कोणी डॉक्टर, कोणी दुकानदार, कोणी विद्यार्थी. पगार नाहीच, उलट सभासद स्वतःच वर्गणी भरतात. त्यांचं पहिलं दल वालपराइसो या बंदराच्या गावात १८५१ मध्ये उभं राहिलं. गंमत बघा, आपल्या पनवेलची नगरपालिका १८५२ ची. म्हणजे तिकडच्या बंदरात लोक आगीसाठी एकत्र येत होते, आणि पुढच्याच वर्षी इकडच्या बंदरात लोक दिवाबत्ती, पाणी, रस्त्यांसाठी एकत्र येत होते.

बंदर म्हटल्यावर नव्या पिढीला आश्चर्य वाटेल. पण पनवेल हे खाडीवरचं व्यापारी बंदर होतं. घाटावरून माल उतरायचा, तो इथून होड्यांनी मुंबईला. बैलगाड्यांची इतकी ये-जा, की पनवेलची गाडीची चाकं दूरवर प्रसिद्ध होती. आता विचार करा, लाकडाचे वाडे, कौलं, गोठ्यात पेंढा, सुतारांकडे लाकडाचे ढीग आणि घराघरात चूल. जुन्या गावाला आग म्हणजे काय हे सांगायला नको. आणि त्याच गावात वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे असे तलाव. माझी सासुरवाडी जुन्या पनवेलची. माझ्या आजेसासूबाई सांगायच्या, की आग लागली की मोठ्याने ओरडायचं, आणि बायकासुद्धा हंडे-कळशा घेऊन तळ्यापासून रांग धरायच्या. भरलेली कळशी पुढे, रिकामी मागे. जात, भांडण, उधारी, सगळं त्या रांगेत बाजूला. त्या म्हणायच्या, “आग इजली की दुसऱ्या दिवशी परत भांडायला मोकळे!”

त्यानंतर नळ आले, नगरपालिकेचा बंब आला. पलीकडे १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवीन पनवेल, कळंबोली, खारघर वसलं, सिडकोची अग्निशमन केंद्रं आली. तळोजात एमआयडीसी, तिचं वेगळं दल. १ ऑक्टोबर २०१६ ला पनवेल महानगरपालिका झाली. आता १०१ फिरवला की गाडी येते. ही फार मोठी सोय आहे, आणि त्या जवानांबद्दल मला नितांत आदर आहे. पण या सोयीबरोबर एक गोष्ट हळूच गेली. ती रांग गेली. आग हे ‘त्यांचं’ काम झालं.

आता मी १२ मे २०१२ च्या रात्रीवर येतो. अनेकांना ती आठवते. जे नंतर राहायला आले त्यांना माहीत नाही. आणि जे पहिल्या रांगेत बसले आहेत, बी विंग तिसरा मजला, त्यांना मी आधी विचारलं, की हे सांगू का? ते म्हणाले, “काका, सांगाच.” म्हणून सांगतो.

त्या रात्री मी कंपनीत नाइट शिफ्टला होतो. पावणेदोनला घरून फोन आला. बायको एवढंच म्हणाली, “मीटररूममधून जाळ येतोय.” मी चाळीस मिनिटांच्या अंतरावर. सगळ्या आयुष्याचं शिक्षण अंगावर युनिफॉर्मसारखं घातलेलं, आणि स्वतःच्या घराला आग लागली तेव्हा मी फोनवर! तिला म्हटलं, दार बंद कर, दाराखाली ओला टॉवेल लाव, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीत उभी राहा, जिन्यात पाऊल टाकू नको. १०१ ला फोन लाव. तिने तो आधीच लावला होता.

आपली मीटररूम जिन्याखाली आहे हे तुम्हाला माहीत आहे. तिथे वायरींचं इन्सुलेशन जळत होतं. त्याचा धूर काळा, जड, विषारी. आणि जिना म्हणजे चिमणीच. धूर सरळ वर. मेन स्विच त्याच खोलीत, म्हणजे हात लावायची सोय नाही. सोसायटीचं अग्निशामक सिलेंडर होतं, पण ते ऑफिसमध्ये, ऑफिसला कुलूप. कुलूप तोडून काढलं तर त्यातली पावडर इतकी वर्षं न भरल्यामुळे आत दगड झालेली. दांडा दाबला, नुसता ‘फुस्स’ आवाज.

तेव्हा ए विंगच्या प्लॅस्टरचं काम चालू होतं. गेटजवळ रेतीचा ढीग. आपले वॉचमन आणि सी विंगमधली दोन कॉलेजची पोरं, रात्रीचा सिनेमा बघून नुकतीच आलेली, त्यांनी गवंड्यांची घमेली उचलली. इलेक्ट्रिकच्या आगीवर पाणी टाकायचं नसतं हे त्यांना कोणी शिकवलं होतं? एकाने सांगितलं, शाळेत ऐकलं होतं. मग बाकीचे उतरले. रेतीच्या ढिगापासून मीटररूमच्या दारापर्यंत रांग झाली. भरलेलं घमेलं पुढे, रिकामं मागे. माझ्या आजेसासूबाईंची रांग, दोन पिढ्यांनी परत. तेवढ्यात कोणीतरी महावितरणला फोन करून बाहेरून सप्लाय बंद करून घेतला. आग दबली.

अग्निशमनची गाडी वेळेत आली होती. आत मात्र येऊ शकली नाही. गेटच्या आत, बरोब्बर वळणावर, आपल्याच सभासदाची कार उभी होती. जवान होज खांद्यावर घेऊन पळत आत आले. चूक त्यांची नव्हती, आपली होती.

आणि आता तिसरा मजला. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन वर्षांचं बाळ. खाली धूर दिसल्यावर ते घाबरले आणि वर गच्चीकडे धावले. कोणीही तेच करेल. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. किल्ली सचिवांकडे, सचिव लग्नाला गावी. त्या दाराशी, त्या छोट्याशा जागेत, सगळा धूर जमा होत होता आणि त्यात चार माणसं. आजींना दमा होता. जवानांनी वर जाऊन कुलूप तोडलं तोवर वीस मिनिटं झाली होती. बाळ सुनेने पदरात गुंडाळून जमिनीलगत धरलं होतं, म्हणून ते वाचलं. आज ते आठवीनववीचं ‘बाळ’ मागे खुर्चीवर उभं आहे. खाली बस रे बाबा!

आजींना खुर्चीत बसवून खाली आणलं. हॉस्पिटलमधून त्या घरी आल्या. पण श्वास पूर्वीसारखा झाला नाही. जिना उतरणं बंद झालं, मंदिर बंद झालं, खालच्या बाकावरची त्यांची जागा रिकामी झाली. दिवाळीच्या आधी त्या गेल्या. दाखल्यावर कारण वेगळं लिहिलं होतं. त्यात आग कुठे नव्हती. पण मला माहीत होतं.

मला आणखी एक गोष्ट माहीत होती, ती मी तेरा वर्षं कोणाला बोललो नाही. गच्चीला कुलूप लावायचा ठराव २०१० च्या सभेत झाला. पोरं पतंग उडवताना कठड्यावर चढतात, रात्री बाहेरचे लोक बसतात, म्हणून. ठराव हात वर करून मंजूर झाला. त्यात माझाही हात वर होता. मी, फायरमधला माणूस! कंपनीत एखाद्याने इमर्जन्सी दाराला साखळी लावली असती तर मी त्याला मेमो दिला असता. दिल्लीत उपहार सिनेमाला १९९७ मध्ये आग लागली, ५९ माणसं गेली, बाहेर पडायचे मार्ग बंद असल्यामुळे गुदमरून गेली, हे मी स्वतः ट्रेनिंगमध्ये दर वर्षी शिकवायचो. आणि घरी आल्यावर मात्र ‘कशाला वाईटपणा घ्या’ म्हणून हात वर केला. मीटररूमसमोरच्या स्कूटर रोज बघायचो, सिलेंडरवरची तारीख बघायचो, आणि लिफाफा देऊन लग्नाला जावं तसा मेंटेनन्स भरून मोकळा व्हायचो. ड्यूटी संपली की शहाणपण कंपनीच्या लॉकरमध्ये.

आज हे बोललो. बरं वाटलं.

आजींच्या तेराव्यानंतर त्या दोन पोरांनी दार वाजवलं. म्हणाली, “काका, आम्हाला शिकवा.” त्यातून आपलं पथक झालं. कोणत्याही सरकारी यादीत त्याचं नाव नाही. पहिल्या दिवशी चौदा जण. तीन गृहिणी, एक बँकेतले साहेब, एक रिक्षावाले, आपले वॉचमन, कॉलेजची पोरं. महिन्याचा पहिला रविवार, सकाळी आठ ते साडेआठ. त्यानंतर पोहे.

काय शिकलो? फार काही नाही. तेलाच्या कढईला आग लागली तर पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवायचं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून वास आला तर दिव्याचं बटण चालूही करायचं नाही, बंदही करायचं नाही. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या सताड उघड्या, आणि बाहेर. धुरात उभं राहून पळायचं नाही, वाकून, भिंतीला हात लावून जायचं. खाली जिना मोकळा असेल तर खाली. जिना धुराने भरला असेल तर बाहेर पडायचंच नाही, दार बंद करून फटीत ओलं कापड आणि खिडकीत उभं राहून हाक. लिफ्ट आपल्याकडे नाही, पण पाहुणे म्हणून टॉवरमध्ये गेलात तर आगीत लिफ्ट वापरायची नाही. आणि सिलेंडर वापरताना पिन काढा, नळी आगीच्या बुडाशी धरा, दांडा दाबा, झाडू मारल्यासारखं फिरवा. ज्वाळांच्या टोकावर मारून उपयोग नाही.

पहिलं मॉक ड्रिल आठवतंय ना? घंटा वाजवली आणि सोसायटी खाली यायला सव्वीस मिनिटं लागली! एक काका तिन्ही कुलपं लावून, ती दोनदा ओढून बघून आले. एक वहिनी कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत थांबल्या. एक गृहस्थ झोपून राहिले आणि दुसऱ्या दिवशी तक्रार केली की मला कोणी उठवलं नाही. त्यांची तक्रार बरोबर होती. त्या दिवसापासून प्रत्येक मजल्याला एक ‘दार वाजवणारा’ ठरला. वयस्कर, आजारी, एकटं राहणारं कोण, याची यादी झाली. मागच्या ड्रिलला आपण साडेपाच मिनिटांत खाली होतो.

तेरा वर्षांत पथकाची खरी गरज तीनदा लागली. सी विंगला दिवाळीत चकलीच्या कढईने पेट घेतला, तिथल्या वहिनींनी स्वतःच झाकण ठेवलं, आम्ही फक्त चकल्या खायला पोचलो. ए विंगला इन्व्हर्टरमधून धूर आला. एकदा गॅसची नळी उंदराने कुरतडली होती. तिन्ही वेळा पेपरात बातमी आली नाही. आमच्या धंद्यात यालाच यश म्हणतात, बातमी न येणं.

काही जण म्हणतात, काका, पालिकेचं दल आहे, आपण कशाला? बरोबर आहे. मी स्पष्ट सांगतो, आपण अग्निशमन दल नाही आणि व्हायचंही नाही. धुरात शिरायला श्वासाचं उपकरण लागतं, ट्रेनिंग लागतं, आणि एवढं सगळं असूनही जीव जातो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजाला आग लागली. पोटात कापूस आणि दारूगोळा. आग विझवत असतानाच स्फोट झाले, मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. म्हणून १४ ते २० एप्रिल देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आपल्या शेजारी उरणला सप्टेंबर २०१९ मध्ये ओएनजीसीच्या प्रकल्पात आग लागली, त्यात गेलेल्या चौघांत सीआयएसएफचे तीन अग्निशमन जवान होते. प्रशिक्षित माणसं होती ती. म्हणून आपल्या पथकाचा पहिला नियम आहे, पाठीमागे पळायला वाट नसेल तर पुढे जायचं नाही. त्या रात्री ती दोन पोरं धुरात वर जायला निघाली होती, वॉचमननी त्यांना कॉलर धरून मागे ओढलं. आजींच्या घरच्यांसमोर हे म्हणणं सोपं नाही, पण वॉचमननी बरोबर केलं. नाहीतर आणखी दोन घरं बसली असती.

मग आपलं काम काय? गाडी येईपर्यंतची पहिली दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत दलाची गाडी कितीही वेगाने आली तरी रस्त्यावर असते, आणि आपण घरात असतो. ती दहा मिनिटं सरकार आपल्याला देऊ शकत नाही.

आणि आपल्या रायगडाला ही गोष्ट कोणी शिकवायची? १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या पायथ्याच्या वरच्या अंगाला असलेली इर्शाळवाडी. धो धो पाऊस, दरड कोसळली. वर जायला रस्ता नाही, अंधारात चिखलाची चढण. यंत्र वर नेता येत नव्हतं. परिसरातली गिर्यारोहक पोरं, खोपोलीची, आजूबाजूच्या गावांची, रात्रीच निघाली. एनडीआरएफचे जवानसुद्धा हाताने आणि फावड्याने उकरत होते. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी ती चढण चढताना हृदयविकाराच्या झटक्याने गेले. पगारी जवान आणि बिनपगारी पोरं, त्या चिखलात ओळखू येत नव्हती. एक्स्प्रेस-वेला, घाटात, दरीत अपघात झाला की दोर घेऊन उतरणारी हीच पोरं. दुसऱ्या दिवशी कोणी कॉलेजला, कोणी दुकानावर. यांना वर्दी नाही, पेन्शन नाही. पण आपल्या जिल्ह्याचं स्वयंसेवक दल म्हणजे तेच.

आता शेवटचा मुद्दा, आणि खरं तर याच्यासाठीच मी माइक घेतला.

आपल्या पथकात पहिल्या दिवशी चौदा जण होते. आज पाच आहोत. ती दोन पोरं, ज्यांनी पहिलं घमेलं उचललं, त्यातला एक पुण्याला, एक कॅनडात. बँकेचे साहेब गेले. वॉचमन गावी परतले. उरलेल्या पाचांत सगळ्यात तरुण बावन्न वर्षांच्या वहिनी. मी अडुसष्टचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मागच्या ड्रिलला मी दुसऱ्या मजल्यावर थांबून श्वास घेत होतो, आणि खालून कोणीतरी ओरडलं, “काका, तुम्हालाच उचलून आणायचं का?” सगळे हसले, मीही हसलो. पण रात्री झोप लागली नाही.

हे फक्त आपलंच नाही. जपानमध्ये गावोगाव अशी स्वयंसेवक अग्निशमन पथकं आहेत. १९५० च्या दशकात त्यात वीस लाखांच्या आसपास माणसं होती, २०२२ मध्ये आकडा आठ लाखांच्या खाली आला. कारण तेच, पोरं शहरात, गावात म्हातारे. आपल्याकडे फरक एवढाच की पोरं याच गेटमधून रोज रात्री आत येतात, हेडफोन घालून. दूर नाहीत, वर चौथ्या मजल्यावर आहेत. त्यांना कोणी विचारलं नाही, एवढंच. तर आज विचारतोय.

कमिटीकडे माझ्या चार मागण्या आहेत. देणगी नको.

एक, गच्चीची किल्ली. २०१२ नंतर आपण ती काचेच्या पेटीत दाराशेजारी लावली. मागच्या वर्षी रंगकामात पेटी काढली, ती परत लागली नाही. सोमवारी लागली पाहिजे.

दोन, मीटररूमसमोरची आणि गेटच्या वळणावरची जागा. पिवळे पट्टे मारा आणि तिथे उभ्या गाडीला दंड करा, चेअरमनची असली तरी. विशेषतः जिन्याखाली इलेक्ट्रिक स्कूटर चार्जिंगला लावणं बंद. सुटकेचा एकच रस्ता आहे, त्याच्या तोंडाशी बॅटरी चार्ज करायची नाही.

तीन, महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीतली यंत्रणा चालू ठेवायची जबाबदारी मालकाची आणि वापरणाऱ्याची, म्हणजे तुमची-माझी आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. पण प्रमाणपत्राचा कागद आग विझवत नाही. एजन्सीचा माणूस येईल तेव्हा पथकातल्या एकाने त्याच्याबरोबर फिरावं, सिलेंडर उलटं करून बघावं.

चार, रीडेव्हलपमेंटची चर्चा चालू आहे. टॉवर होईल, लिफ्ट येईल, स्प्रिंकलर येतील. छान. कार्पेट एरियावर सहा मीटिंगा झाल्या. एक मीटिंग फक्त जिन्यावर, पंपावर आणि गाडी फिरायच्या जागेवर घ्या.

आणि सभासदांकडे एकच मागणी. प्रत्येक मजल्यातून एक माणूस. वय सोळाच्या पुढे. महिन्यातला अर्धा तास. पोहे माझ्याकडून.

पंचवीस वर्षांपूर्वी इथे चिखल होता, लाइट जायची, टँकर यायचा. आपण पाण्याच्या रांगेत उभे राहून एकमेकांची नावं शिकलो. आता प्रत्येकाच्या नळाला पाणी आहे, आणि समोरच्या दारात कोण राहतं हे नेमप्लेट वाचून कळतं. सोयी नकोत असं मी म्हणत नाही. रांगेत उभं राहायची सवय तेवढी मोडू नका. रेती कोणाची, घमेलं कोणाचं, हे त्या रात्री कोणी विचारलं नाही.

स्टेजच्या डाव्या बाजूला टेबलावर वही ठेवली आहे. पेन बांधलेलं आहे, कारण मागच्या वेळी पेन गेलं.

दहाऐवजी वीस मिनिटं घेतली, क्षमस्व. ऑर्केस्ट्रावाल्यांनी माफ करावं.

जय हिंद, जय महाराष्ट्र.

*(ता. क. स्मरणिका छापायला जाईपर्यंत वहीत अकरा नावं आली आहेत. पहिलं नाव बी विंग, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या ‘बाळा’चं आहे. वय अजून सोळा नाही. नियम माझाच होता, तो मी मोडला. गच्चीच्या किल्लीची पेटी सोमवारी नाही, पण गुरुवारी लागली.)*

— एक सभासद, बी विंग